सुमेधाची खोली आणि मध्यस्थाची दोन वाक्यं

सुमेधाच्या जिन्यानं कोण वर गेलं, किती वेळानं खाली आलं आणि उतरताना कोणाचे डोळे लाल होते, हे हैदराबादच्या काचीगुड्यात माझ्याइतकं नीट कोणालाच सांगता येणार नाही. जिन्याच्या बरोबर समोर चहाचं हॉटेल आहे आणि त्यातलं दाराजवळचं टेबल रिटायर झाल्यापासून माझं आहे. वर खोलीत काय बोलणं झालं, हे मात्र सुमेधाकडून मला कधी कळत नाही. एवढी बातम्यांची खाण डोक्यावर, आणि खाली एक खडा पडत नाही. याला काय म्हणावं?

सुमेधा ही आमच्या उत्तमरावची मुलगी. उत्तमराव आणि मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. तो वसमतकडचा, मी उदगीरकडचा. तो फार कमी बोलायचा, त्याच्या वाट्याचंही मीच बोलायचो. पोरगी बापावर गेली. लहानपणी ती आपल्या आईचा, विठाबाईंचा, डबा घेऊन ऑफिसात यायची आणि कोपऱ्यातल्या पेटीवर बसून सगळ्यांची तोंडं बघत राहायची. एकदा मला म्हणाली, काका, मोठे साहेब आले की तुम्ही खुर्ची पुढं ओढता आणि बाबा मागं ओढतात. तेव्हा ती नऊ वर्षांची असेल. मी तिला चॉकलेट देऊन गप्प केलं.

पुढं तिनं उस्मानिया विद्यापीठातून मानसशास्त्र केलं आणि सात वर्षं कोर्टातल्या समुपदेशन केंद्रात काढली. तिथं नवरा-बायको वकिलांना घेऊन यायचे. ती म्हणायची, इथं येईपर्यंत भाजी करपलेली असते काका, मला गॅस पेटवतानाच भेटायचंय. मग नोकरी सोडून तिनं झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि चार लिप्यांत पाटी लावली. पाटीवर फॅमिली हा शब्द मोठा, बाकीचे बारीक. पहिला महिनाभर लोक फॅमिली डॉक्टर समजून शुगरचे रिपोर्ट घेऊन येत होते. एका म्हाताऱ्याला तिनं अर्धा तास ऐकून घेतलं. तो खाली येऊन मला म्हणाला, डाक्टरीण चांगली आहे, गोळी लिहून दिली नाही पण छाती हलकी झाली. अजून येतो तो. शुगर तेवढीच आहे.

तिच्या खोलीत सोफा नाही, सिनेमात असतो तसा पलंग नाही. सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, त्याही कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या. येणाऱ्यानं आपली खुर्ची आपण काढायची आणि पाहिजे तिथं मांडायची. ती नुसती बघत उभी राहते. कोणी नवरा फक्त स्वतःपुरती काढून पंख्याखाली बसतो. कोणी आई दोन काढते, एक स्वतःला आणि एक पस्तीस वर्षांच्या बाळाला, आणि सून आपली आपण काढून दाराशी टेकते. निम्मं काम तिथंच होतं म्हणे. हे मला तिनं नाही सांगितलं, वर जाऊन आलेल्यांनी सांगितलं. लोक खाली आले की त्यांना चहा लागतो, आणि चहा पिताना समोर मी असतो.

खुर्च्यांपेक्षा लोकांना जड जातो तो तिचा नियम. त्या खोलीत ज्यानं त्यानं आपल्यापुरतं बोलायचं. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही. "तिला असं वाटतं" म्हटलं की सुमेधा हात वर करते आणि म्हणते, तिला काय वाटतं ते ती सांगेल, तुम्हाला काय वाटतं? मोठमोठे बोलके लोक या प्रश्नापुढं पाण्याबाहेरच्या माशासारखे तोंड उघडमीट करतात. घरात सगळ्यांच्या वतीनं बोलायची सवय, स्वतःपुरतं काही शिल्लकच नसतं.

दिलसुखनगरचा अमरदीप, वीज खात्यातला, आपल्या दीक्षाला घेऊन आला होता. पोरगी बारावीची, कोचिंगला जाते, बापाशी हूं आणि हां यापलीकडे बोलत नाही. सुमेधा पोरीशी एक दिवस बोलली. त्यानंतर पाच शनिवार तिनं फक्त बापाला बोलावलं. तिसऱ्या शनिवारी अमरदीप माझ्या टेबलाशी येऊन फणफणला, "काका, ये क्या तमाशा है? ताप पोरीला आणि गोळ्या मला." त्याला घरचा अभ्यास दिला होता की आठ दिवस पोरीला परीक्षा, मार्क, क्लास यांतलं काहीच विचारायचं नाही. पहिले तीन दिवस बिचारा मुका झाला. तिला विचारायला दुसरं काही आपल्याकडं नाही, हे त्याला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी धीर करून त्यानं विचारलं, तू जिच्याबरोबर बसनं येतेस त्या मुलीचं नाव काय? दीक्षानं आधी त्याच्याकडं घरात चोर शिरल्यासारखं पाहिलं. मग चाळीस मिनिटं बोलली. ती मुलगी, तिचा भाऊ, त्या भावाचं कुत्रं, सगळं. अमरदीप मला हे सांगताना इराणी चहात बिस्किट बुडवून विसरला, त्याचा लगदा झाला.

एकटी माणसंही येतात. एक बाई दर बुधवारी येते आणि घरी दाताच्या डॉक्टरकडं जाते म्हणून सांगते. वर्ष झालं. घरच्यांच्या हिशेबानं तिला आतापर्यंत मगरीइतके दात झाले असतील. पण पूर्वी ती रस्ता ओलांडताना खाली बघायची, हल्ली रिक्षावाल्यांना हात करून थांबवते. आत काय होतं ते विचारलं तर सुमेधा म्हणते, काका, चहा गार होतोय तुमचा.

आता माझा धंदा सांगतो. धंदा म्हणजे हौस. मी लग्नं जुळवतो. काचीगुड्यापासून नामपल्लीपर्यंत आणि तिकडं बिदर, नांदेड, परभणीपर्यंत माझ्या हातून बेचाळीस लग्नं झाली. आमच्याकडं मध्यस्थाला मान असतो. दोन्हीकडून पूर्ण आहेर, पहिल्या पंगतीला पाट. कारण नाजूक गोष्टी दोन्ही घरं एकमेकांशी थेट बोलत नाहीत, सगळं मध्यस्थाच्या तोंडून जातं. पण पुढं घरात भांडी वाजायला लागली की पहिला फोनही मध्यस्थालाच. तुम्ही जोडलंय, आता तुम्हीच सांधा. मग बैठक बसते, दोन्हीकडचे मामा-काका येतात, सतरंजी, पान-सुपारी, आणि शेवटी निवाडा होतो. ज्यांचं भांडण, ते दोघं बहुतेक आतल्या खोलीत बसलेले असतात.

सुमेधाला या माझ्या हौशीची पहिल्यापासून गंमत वाटते. मी तिच्यासाठीही तीन स्थळं आणली होती. तिसऱ्या वेळी मी मोठ्या तोंडानं सांगितलं, मुलाला वाचनाचं फार वेड आहे. तिनं त्या मुलाला भेटल्या भेटल्या विचारलं, सध्या काय वाचताय? तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, हणमंतकाका म्हणाले तुम्हाला वाचणारा पाहिजे. दोघं तासभर हसले म्हणे, आणि आपापल्या घरी गेले. तेव्हापासून तिनं मला तिच्या लग्नाच्या खात्यातून काढून टाकलं. ती आता बेचाळिशीत आहे, विठाबाईंबरोबर राहते, आणि तिला काही कमी आहे असं तिच्याकडं बघून वाटत नाही. लोक म्हणतात, जिचं स्वतःचं लग्न नाही ती काय दुसऱ्यांचे संसार बघणार. मी पूर्वी हे स्वतःच पसरवत होतो. आता दुसरे म्हणतात तेव्हा मला राग येतो.

तर माझं सदतिसावं लग्न म्हणजे विक्रम आणि चारुलता. विक्रम हा नामदेवरावांचा एकुलता एक. नामदेवरावांचं घराणं भालकीकडचं, शेतकऱ्याचं, तीन पिढ्यांपूर्वी शहरात आलं, आता ठिबकच्या पायपांचं मोठं दुकान आहे. विक्रम विमा कंपनीत. चारुलता परभणीची, तिथं रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. लग्नाला चार वर्षं झाली, रेणू नावाची तीन वर्षांची मुलगी आहे.

मागच्या आषाढात एका सोमवारी सकाळी नामदेवराव आणि जयवंतावहिनी माझ्या घरी आले. वहिनींनी चपला काढायच्या आधीच सांगितलं, सून चालली. चारुलतानं परभणीतल्या जुन्या लॅबशी बोलून नोकरी पक्की केली होती, रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं, रेणूलाही घेऊन जाणार होती. परत यायचं तिकीट काढलं नव्हतं. विक्रम सहा दिवस जेवणाच्या ताटावर बोलला नव्हता. नामदेवराव म्हणाले, रविवारच्या आत बैठक लावा, तिच्या माहेरच्यांना बोलवा. माझा नातवंडावर जीव आहे हो हणमंतराव. असं म्हणून त्या पायपाच्या दुकानदारानं उपरण्यानं नाक पुसलं, आणि मला एकदम गरम व्हायला लागलं.

कारण वहिनी पुढं म्हणाल्या, दोघांचं एकच चाललंय. ती म्हणते, तुम्ही शब्द दिला होता. तो म्हणतो, शब्द तू दिला होतास.

आता झाकण्यात अर्थ नाही. चार वर्षांपूर्वी हे लग्न अडलं होतं. दोन्हीकडची मंडळी तोंड वाकडं करून बसली होती, तेव्हा मी दोन वाक्यं इकडून तिकडं नेली. जयवंतावहिनींना सांगितलं, पोरगी म्हणते की लग्नानंतर तिला नोकरीची हौस नाही, घर सांभाळायचंय. आणि परभणीत सांगितलं, मुलगा म्हणतो की हैदराबादला पाऊल ठेवलं की वर्षाच्या आत तिला लॅबमध्ये लावून देतो. पोरगी तसं काही म्हणाली नव्हती. मुलगाही म्हणाला नव्हता. त्या दोघांना मी काही विचारलंच नव्हतं. आठ दिवसांत साखरपुडा झाला आणि मला दोन्हीकडून धोतरजोडी मिळाली.

बैठक लागली तर परभणीचे लोक येणार, दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसणार, आणि कोणीतरी विचारणार की हे नेमकं बोललं कोण. मग मला एक नामी कल्पना सुचली. म्हटलं, बैठका जुन्या झाल्या. आपली सुमेधा आहे, ती हेच काम करते. माझा हिशेब सोपा होता. सुमेधाच्या तोंडून आजवर एक शब्द बाहेर आलेला नाही, म्हणजे माझी दोन वाक्यंही तिथंच पुरली जातील.

वहिनींनी विचारलं, सुमेधा कोणाची? मी म्हटलं, उत्तमरावची. वहिनी जरा थांबल्या. त्या थांबण्याचा अर्थ मला माहीत होता, उत्तमरावच्या घरचं पाणी त्यांच्याकडं कोणी घेत नसे. पण रविवार जवळ होता.

मंगळवारी आम्ही सात जण वर गेलो. नामदेवराव, वहिनी, विक्रम, चारुलता, विक्रमचे एक मामा, एक मावसा, आणि मानाचा मध्यस्थ म्हणून मी. मावसा पानाचा डबा घेऊन आले होते. सुमेधानं सगळ्यांना नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडं हात केला. पाहुणचाराची सवय असलेली माणसं, कोणालाच कळेना काय करायचं. शेवटी चारुलता उठली आणि तिनं एकेक करून सगळ्यांना खुर्च्या मांडून दिल्या. सासऱ्यांना, मामांना, मावशांना, मला. सातवी खुर्ची मांडून झाली आणि ती उभीच राहिली, कारण सुमेधा धरून माणसं आठ होती. विक्रम बसलेला होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. सुमेधानं चहा मागवला. जयवंतावहिनी म्हणाल्या, आत्ताच झाला. दोन तास आधी झाला होता. सुमेधानं हसून तो कप स्वतःकडं घेतला आणि प्यायली.

मग तिनं मामा, मावसा, पानाचा डबा आणि मला बाहेर काढलं. थोड्या वेळानं नामदेवराव आणि वहिनीही खाली आले. नामदेवराव चिडले होते. निवाडा देईना, उलट मलाच विचारते की सून गेली तर तुमचं काय जाईल? मी म्हटलं, मग तुम्ही काय म्हणालात? ते बशीकडं बघत म्हणाले, संध्याकाळी दुकानातून आलो की रेणू माझ्या पिशवीत हात घालते. एवढंच आलं तोंडात. मामांच्या समोर सांगता आलं नसतं.

बुधवारी चारुलता एकटी गेली, गुरुवारी विक्रम. शुक्रवारी सकाळी सुमेधाचा मला फोन आला. काका, वर या. एकटे.

मी वर गेलो आणि सवयीनं वाट बघत उभा राहिलो, खुर्ची कोणी देईल म्हणून. शेवटी आपली आपण काढली. ती म्हणाली, "काका, मी दोघांना एकच प्रश्न विचारला. हे वाक्य तुम्ही समोरच्याच्या तोंडून कधी ऐकलं? कुठं, कोणत्या दिवशी? दोघंही आठवत बसले. दोघांनीही ऐकलेलं नाही. दोघांनाही घरच्यांनी सांगितलं, आणि घरच्यांना तुम्ही."

मी म्हटलं, अगं, लग्न जुळवताना एवढं चालतं. पिठात चिमूटभर मीठ. ती काही बोलली नाही. उत्तमराव असाच गप्प बसायचा, ऑफिसात मी पावती चुकवली की. मी आणखी दोन-तीन कारणं दिली, तीही तिनं ऐकून घेतली. मग मी शेवटी म्हटलं, बरं बाळा, चुकलं. तूच सांग त्यांना. तुझ्या तोंडून गोड लागेल.

"माझ्या खोलीत दुसऱ्याच्या वतीनं कोणी बोलत नाही, काका."

"माझी बेचाळीस लग्नं आहेत गं. उद्या सगळे विचारायला येतील, आमच्या वेळी काय काय सांगितलं होतं."

"येतील," ती म्हणाली. "आणि परवा एक पोरगी तिच्या नवऱ्याला लबाड समजून गाडीत बसेल, आणि तो तिला. त्यानंतर ती थांबली किंवा गेली तरी माझं काही म्हणणं नाही. पण गेली तर खऱ्या कारणानं जावी."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला कसं फिरवायचं ते मला येतं. मी घरी आलो आणि शोभाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. तिनं शेंगा सोलता सोलता विचारलं, "तुमच्या मध्यस्थानं मला काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? मुलगा मितभाषी आहे." आणि पुढं सोलत राहिली. एकेचाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं बाईनं.

शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा वर. या खेपेला विक्रम आणि चारुलता आधीच बसले होते, दोन खुर्च्या दोन भिंतींना. मी मधोमध बसलो, मध्यस्थच ना. सुरुवात मी लांबून केली. दोन घरांची परिस्थिती, त्या वर्षीचा लग्नसराईचा मोसम, भालकीच्या माणसांचा स्वभाव. सुमेधानं घड्याळाकडं पाहिलं नाही की जांभई दिली नाही, फक्त माझ्याकडं बघत राहिली. शेवटी माझंच बोलणं मला ऐकू यायला लागलं आणि मी थांबलो. मग दोन वाक्यांत सांगून टाकलं. हे मी म्हणालो होतो, विक्रम नाही. ते मी म्हणालो होतो, चारुलता नाही. तुम्हाला दोघांना मी विचारलंच नव्हतं.

खाली रस्त्यावर बसवाला हॉर्न देत होता. चारुलतानं माझ्याकडं पाहिलं. चार वर्षं ही पोरगी मला वाकून नमस्कार करत आली होती. ती म्हणाली, "काका, मी दर महिन्याला वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. मला वाटलं, माणूस शब्द देऊन मुद्दाम विसरतो."

विक्रम सुमेधाला म्हणाला, "म्हणजे ही खोटं बोलत नव्हती."

"मला कशाला सांगतोस?" सुमेधा म्हणाली.

तो उठला. त्यानं आपली खुर्ची उचलली, मला वळसा घालून गेला आणि ती चारुलताच्या समोर नेऊन ठेवली. बसला नाही लगेच. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "तुला काय पाहिजे होतं, ते मी कधी विचारलंच नाही. आईनं सांगितलं, तेवढं धरून बसलो." पुढं काय झालं ते मला माहीत नाही. सुमेधानं मला दाराकडं हात केला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी दाराआड राहिली आणि मी जिना उतरलो.

खाली हॉटेलात नामदेवराव आणि जयवंतावहिनी बसले होते. काय झालं? काय म्हणाली? थांबते का? दोघं दोन्हीकडून. आणि मला पहिल्यांदाच वरचं माहीत होतं आणि सांगायचं नव्हतं. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी माझी अवस्था. मी म्हटलं, ते दोघं सांगतील. नामदेवरावांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

वहिनी मात्र माझ्याकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमच्याच पदरचं होतं ना?"

मी मान हलवली.

"मला तेव्हाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, पोरीला नोकरीची हौस नाही. आणि साखरपुड्याच्या दिवशी ती मला विचारत होती, तुमच्या घराजवळ लॅब कुठं आहे. मी ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला पण ती घरातच पाहिजे होती ना."

नामदेवरावांचा कप हवेतच राहिला. वहिनींनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही वर जाऊन सांगा की सासूचीही चूक आहे म्हणून. मी म्हटलं, वहिनी, त्या खोलीत दुसऱ्याच्या वतीनं बोलता येत नाही. हे वाक्य बोलताना मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. वहिनींनी मला एक शेलकी शिवी दिली, भालकीची, आणि उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, जिना उभा आहे. कठड्याला धरत धरत त्या एकट्या वर गेल्या.

अर्ध्या तासानं उतरल्या. नामदेवरावांना एवढंच म्हणाल्या, चला. आणि मग माझ्याकडं वळून, जणू मी विचारलंच होतं, "पाणी मागून प्याले तिच्याकडचं. माठातलं आहे. गार होतं."

रविवारी मी स्टेशनवर गेलो. कशाला गेलो विचारू नका. चारुलता फलाटावर होती, बॅग होती, रेणू विक्रमच्या खांद्यावर होती. मी म्हटलं, बेटा, आता सगळं उघड झालं ना, तरी चाललीस? ती म्हणाली, "त्या लॅबवाल्यांना येते म्हणून शब्द दिलाय, काका. तो मी स्वतः दिलाय." दुसरं माणूस मिळेपर्यंत महिनाभर काम करणार होती. आणि पुढं? पुढचं आमचं ठरतंय, म्हणाली. आमचं या शब्दावर विक्रमनं रेणूची टोपी सारखी केली. मी आणखी विचारणार होतो, पण गाडी हलली.

तो महिना विक्रम दर शनिवारी परभणीला गेला. नामदेवराव संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन दुकानातून यायचे आणि चपला काढायच्या आधी व्हिडिओ कॉल लावायचे. पाचव्या आठवड्यात तिघं परत आली, त्याच गाडीनं. त्या महिन्यात घरात काय काय ठरलं, कोण कोणाला काय म्हणालं, हे मी सुमेधाला चार प्रकारांनी विचारून पाहिलं. ती म्हणाली, काका, चहा गार होतोय.

माझ्या बेचाळिसातली अकरा जोडपी आतापर्यंत विचारायला आली. सहांना मी खरं सांगितलं. पाचांचं मलाच आठवत नव्हतं, त्यांना वर पाठवलं. हल्ली नवीन स्थळ आलं की मी मुलगा-मुलीलाच आधी वर पाठवतो. त्यातली निम्मी जिन्यावरूनच वेगवेगळ्या दिशांना जातात. यंदा एकही धोतरजोडी नाही.

आणि परवा माझी शुगर तपासायची होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लॅब आहे. आत गेलो तर पांढरा कोट घालून चारुलता बसलेली. तिनं माझी बाही वर सरकवली, दंडाला रबर बांधलं, सुई हातात घेतली आणि विचारलं, "काका, उपाशी पोटी आलात ना?"

तोंडात हो आलं होतं. सुईकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं.

"चहा झालाय," मी म्हटलं. "आणि दोन बिस्किटं."

तिनं रबर सोडलं.

"मग उद्या या."